बुटकं दार

त्या रविवारी आक्कांची पत्र्याची पेटी दुपारीच गाडीच्या डिकीत जाऊन बसली होती आणि आमचा प्रयोग संध्याकाळी सहाला होता. गाडी तालमीच्या दारातच उभी. प्रयोगाला येणारा प्रत्येकजण तिला वळसा घालून जिन्याकडं जात होता. डिकीतल्या पेटीचं फक्त तिघांना माहीत होतं: आक्कांना, त्यांच्या मुलाला आणि मला. वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून मी त्या दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. माझ्या बाबतीत असं होत नाही.

आक्का आता नाहीत. पण त्यांच्याविषयी सांगायला बसलो की मला आधी ती गाडी दिसते, म्हणून सुरुवात तिथून केली. आता जरा मागं जातो.

आक्कांची आणि माझी गाठ पडली ती विजेच्या मीटरमुळं. आमच्या पेठेतल्या तालमीचा मी खजिनदार. खाली आखाडा, वर हॉल. हॉल साखरपुडे, वाढदिवस, रक्तदान असल्या कामांना देतो. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तो एका बाईंना दिला होता. त्या नाटक शिकवतात असं ठरावात लिहिलेलं. पण हे कसलं नाटक ते कुणालाच सांगता येईना. पडदा नाही, संहिता नाही, पाठांतर नाही. पंखे मात्र जोरात. मीटर पळत होतं, म्हणून मी विचारायला वर गेलो.

आत सात-आठ माणसं होती. एक तरुण बाई फरशीवर पोट धरून कण्हत होती. तिच्याजवळ एक दांडगा गडी गुडघे टेकून बसला होता. मला दारात बघून तो ओरडला, "आलं, डॉक्टर आलं! ओ डॉक्टर, बगा की हिला, लवकर!"

मी म्हणालो, "नाही, नाही. मी डॉक्टर नाही. मी तालमीचा खजिनदार."

बाई कण्हायची थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. भिंतीजवळ एक म्हातारी उभी होती, त्याच आक्का. सडसडीत, जाड सुती साडी, आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शाळेतली शिट्टी. ती शिट्टी तिनं दातांत धरली, माझ्याकडं पाहिलं आणि परत खाली सोडली.

"पावणं, चपला काढा आणि आत या. एका दमात तीनदा न्हाय म्हणालासा. पोरगी मेली की तुमच्यामुळं."

मी मनात मोजलं. तीन बरोबर होते.

पंख्यांचं बोलणं राहूनच गेलं. दुसऱ्या आठवड्यात मी परत वर गेलो, त्यांच्या सांगण्यावरून 'डॉक्टर' म्हणून. त्यानंतर जातच राहिलो. कण्हणारी बाई एका खासगी दवाखान्यात नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. दांडगा गडी कागलचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला, म्हणून कागलकर. मला आक्का शेवटपर्यंत खजिनदारच म्हणाल्या.

आक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर, मालक वारल्यावर, कोल्हापुरात आमच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहिल्या. त्यांच्याकडं शिकायचं ते असं नाटक, ज्यात कुणालाच पुढचं वाक्य माहीत नसतं. लोकांकडून एखादा शब्द घ्यायचा, उभं राहायचं आणि तिथंच सगळं उभं करायचं. याला शहरातल्या पोरांनी काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. आक्का त्याला नुसतं 'खेळ' म्हणायच्या. त्यांच्या वडिलांचा जलसा होता. बाबासाहेबांचा विचार गावोगाव गाण्यातून, बतावणीतून सांगायचा. बतावणी म्हणजे दोघांतिघांचे सवाल-जवाब, तेही जागच्या जागी सुचतील तसे. आक्का लहानपणी फळ्या टाकून केलेल्या रंगमंचाच्या कडेला बसून ते बघायच्या.

वडिलांची एक गोष्ट त्या वरचेवर सांगायच्या. एका गावात जलसा रंगात आलेला असताना तिथला एक वजनदार माणूस उठला आणि गरजला, "बंद करा हे." सगळे गार. हातघाईवर यायला एवढं पुरे होतं. आक्कांचे वडील बतावणीत मधे होते. ते वळले, हात जोडले आणि म्हणाले, "आलासा मामा? तुमचीच वाट बगत हुतो. बसा, तुमच्याबिगर ह्या पोरीचं लगीन ठरंना." त्याला फळीवर पाट दिला. तो माणूस बसला. शेवटपर्यंत मामा होऊन बसला, आणि लग्न ठरवून गेला.

"हाकललं असतं तर भांडण," आक्का म्हणायच्या. "घेतला म्हणून बसला. समोरच्यानं दिलं ते घ्यायचं. घेतलं की आपलं थोडं घालून परत द्यायचं. व्हय म्हणायचं, आणि 'आणि' म्हणायचं. 'व्हय' वर थांबला तो नंदीबैल."

मला हे जड जात होतं. सहकारी संस्थांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय आहे. सही करायच्या आधी नाही म्हणणं, हेच माझं काम. मी एकदा त्यांना म्हणालो, "आक्का, समोरचा चुकीचं बोलत असला तरी हो म्हणायचं? तसं मी बाहेर केलं तर घरी बसावं लागेल."

"बाहेर न्हाय म्हण. त्यासाठीच बोलावत्यात तुला. हितं मात्र न्हाय ही शेवटची चीज. ती उगंच खर्च करायची न्हाय. एखाद्या खेळात न्हाय म्हटल्याबिगर माणूस जगतच न्हाय असं झालं, तरच काढायची."

"असा खेळ झालाय कधी?"

"माझ्या बघण्यात तर न्हाय," त्या म्हणाल्या, आणि आपणच काय म्हणालो ते ऐकून हसल्या.

त्यांच्या शिकवण्यात विक्षिप्तपणा होता, पण प्रत्येक गोष्टीच्या तळाशी काहीतरी होतं. मध्यवर्ती स्टँडवर आम्हाला नेऊन बसवायच्या. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. परत आल्यावर विचारायच्या, "तुझ्या शेजारच्या बाईचा शेवटचा शब्द काय हुता?" पहिला शब्द सगळ्यांना आठवायचा, शेवटचा कुणालाच नाही. "कारण तवर तुमी तुमचं बोलणं जुळवत बसलेलं असतासा," असं म्हणून त्या शिट्टी दातांत धरायच्या. शिट्टी दातांत गेली की आमची कुजबुज बंद. ती वाजली तर वर्ग कायमचा बंद, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती वाजलेली कुणी ऐकली नाही.

खेळात कुणी नुसतं "मी गावाला चाललोय" म्हणालं की चालायचं नाही. "कुठल्या गावाला? मुरगूडला म्हण. मुरगूडला कुणाकडं? त्या घरात कुत्रं हाय का?" मोघम बोलणं म्हणजे समोरच्याच्या हातात रिकामी पिशवी देणं, असं त्यांचं म्हणणं.

आणि न दिसणाऱ्या वस्तू. आमच्या खेळात सामान नसायचं. हवेतच कळशी उचलायची, हवेतच ठेवायची. पण ठेवली ती ठेवली. आक्का शुक्रवारी ठेवलेली कळशी मंगळवारी विसरायच्या नाहीत. "कागलकर, कुठनं चाललास? पाणी सांडलं की रं सगळं." कागलकर खाली बघून उडी मारायचा. ह्या एका विषयात मी वर्गात पहिला होतो. कोणती वस्तू कुठं आहे हे माझ्या डोक्यात पक्कं राहायचं. आक्का म्हणायच्या, "खजिनदाराला नट होता येईल का न्हाय ठाऊक न्हाय, पण ह्याच्या घरात चोरी व्हायची न्हाय."

घरी मात्र वेगळाच परिणाम दिसायला लागला. माझी बायको एकदा जेवताना म्हणाली, "आज दिवसभरात एकदा पण नाही म्हणाला न्हाईसा. ताप आलाय का?"

त्यांच्या शिकवणीतली सगळ्यात कडक गोष्ट म्हणजे काठ आणि खांदा. जे खेळात नसतील त्यांनी काठावर उभं राहायचं, भिंतीला टेकायचं नाही, डोळे आतल्या माणसांवर. आतला कुणी अडकला, वाकडा चालला, तर काठावरच्यानं आत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायचा. हात लागला की त्यानं मुकाट्यानं बाहेर पडायचं, आणि हात लावणाऱ्यानं तोच माणूस होऊन पुढं चालायचं. तोच माणूस, त्याची टिंगल नव्हे. "खांदा लावला की त्याचं दुखणं बी तुझं," हे वाक्य त्या हळू आवाजात म्हणायच्या.

ही रीत त्यांच्या घरातलीच. त्यांचा मुलगा आणि मुलाचे वडील यांचं जेवताना वाजायचं. आक्का उठून नवऱ्याच्या खांद्याला हात लावायच्या आणि बाप होऊन बोलायला लागायच्या. मग पोरगा उठून त्यांच्या खांद्याला हात लावायचा. "भात गार व्हायचा, पण भांडण मिटायचं," असं त्यांनी आम्हाला एकदा सांगितलं. मुलगा आता पुण्यात इंजिनिअर आहे, तो यातलं सगळं विसरला असेल, असंही म्हणाल्या.

मग एका शुक्रवारी आक्का आल्या नाहीत. असं कधी झालं नव्हतं. आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. सिस्टर उठली आणि मागच्या गल्लीत गेली. दाराला आतून कडी. हाका मारल्या तर आतून बारीक आवाज, "हाय मी, हाय." शेजाऱ्यांनी कडी तोडली. आक्का न्हाणीघरात पडल्या होत्या, सकाळपासून. हाड मोडलं नव्हतं, पण कंबरेपासून खाली काळंनिळं. सिस्टरला त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पुण्याला कळवायचं नाही. पुढच्या मंगळवारी त्या काठी टेकत जिना चढल्या आणि कळशी कुठं ठेवली होती ते विचारलं.

पुण्याला शेजारणीनं कळवलं.

मुलाचा फोन मला आला. माझा नंबर तालमीच्या पाटीवर आहे. तो मला साहेब म्हणत होता, फार नीट बोलत होता. "साहेब, मी रोज सकाळी ऑफिसला निघताना फोन बघतो. आईचा फोन आलेला नसला की बरं वाटतं. मग गाडीत बसलो की वाटतं, ती पडली असेल, म्हणून तर आला नसेल. ती पडली हे मला दुसऱ्यांकडून कळावं? मी तिला न्यायला येतोय. रविवारी तुमचा प्रयोग होऊ दे, मग निघू. तुम्ही फक्त तिला समजवा."

मी त्याला सांगितलं की मी समजावणार नाही, पण तो येतोय हे त्यांच्यापासून लपवणारही नाही. खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं पटलं होतं. एकटं माणूस, ओली फरशी, आतून कडी. यात कुठली बाजू बरोबर हे ठरवायला माझ्यासारखा तपासनीस लागत नाही. तरीही मंगळवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आली की माझा हिशेब पुढं सरकत नव्हता.

रविवारी दुपारी पेटी डिकीत गेल्यावर मी आक्कांना विचारलं, "जायचं ठरलं?"

त्या हॉलच्या खिडकीतून खाली गाडीच्या टपाकडं बघत होत्या. "पोरगं न्यायला आलंय. सगळ्या जन्मात ज्याला त्याला सांगत आले, समोरच्यानं दिलेलं ढकलायचं न्हाय. आता माझ्यावर आलं तर न्हाय म्हणू?"

"तुमच्या मनात काय आहे?"

"मनातलं कोण विचारतंय खजिनदार. खुर्च्या मोज."

सहाला हॉल भरला. मुलगा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. बूट पायात, गाडीची किल्ली हातात. पहिले दोन खेळ चांगले झाले, कागलकरनं हशे घेतले. मी काठावर होतो, दिव्यांच्या बटणांपाशी, कारण बटणं खजिनदाराकडं. माझं लक्ष मागच्या रांगेवरून हलत नव्हतं.

तिसऱ्या खेळाला आक्का स्वतः पुढं आल्या. त्या सहसा खेळात उतरत नसत. त्यांनी लोकांना विचारलं, "एक वाक्य द्या. असं वाक्य, जे आज कुणाला तरी सांगायचं हाय, पण अजून सांगितलं न्हाय."

दुसऱ्या रांगेतून माझी बायको ओरडली, "घोरत जाऊ नका!"

हॉल हसला. मीही हसलो. हे वाक्य मिळालं म्हणून मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही. घोरण्यावर अख्खा खेळ झाला असता. तेवढ्यात हशा ओसरताना मागून आवाज आला. मोठा नव्हता, पण स्वच्छ होता.

"आई, आता घरी चल."

काहीजण मागं वळून बघायला लागले. हा कोण, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आक्कांनी शिट्टी दातांत धरली. दोन्ही वाक्यं समोर होती, कुठलं घ्यायचं हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी शिट्टी सोडली. "मागचं वाक्य घेतलं," म्हणाल्या, आणि मधोमध फरशीवर एक पाय लांब करून बसल्या.

सिस्टर आत गेली, शेजारीण झाली. दोघींनी हां हां म्हणता स्वयंपाकघर उभं केलं. इथं चूल, इथं मांडणी, इथं बाहेरचं दार. "दार बुटकं हाय गं, डोस्कं सांभाळ," आक्का म्हणाल्या आणि हातानं चौकटीची उंची दाखवली. सिस्टर वाकून बाहेर पडली.

कागलकर मुलगा होऊन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो ताठ आत घुसला.

"फुटलं की रं डोस्कं," आक्का म्हणाल्या. हशा. कागलकर चढला. कपाळ चोळत, कानाला हवेतला फोन लावून तो नाकात बोलायला लागला, "हां आई, मी मीटिंगमध्ये आहे. पटकन उरक. तिकडं फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, तुला बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवतो. दोघींना एकदमच पाणी घालता येईल."

हॉल खदखदून हसला. मागच्या रांगेत मुलगा हसत नव्हता. त्याचा चेहरा तांबडा झाला होता आणि त्यानं किल्ली मुठीत आवळली होती. तो उठून जाईल असं मला वाटलं, आणि तो तसा उठून गेला असता तर मग पेटी, गाडी, पुणं यांतलं काहीही झालं असतं तरी त्या दोघांत काही नीट राहिलं नसतं. आक्कांच्या दातांत परत शिट्टी होती. पण आतल्या माणसाला कुणाच्या खांद्याला हात लावता येत नाही, तो काठावरच्यानंच लावायचा. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं.

मी आत गेलो. दाराशी वाकलो. कागलकरच्या खांद्याला हात लावला. तो चकित झाला, पण मुकाट बाहेर पडला.

मला अभिनय येत नाही. मी आक्कांच्या समोर उकिडवा बसलो आणि त्या मुलानं मला फोनवर जे सांगितलं होतं तेच सांगितलं. पदरचं एक वाक्य घातलं नाही.

"आई, मी रोज सकाळी निघताना फोन बघतो. तुझा फोन नसला की बरं वाटतं. मग वाटतं, पडली असशील, म्हणून नसेल."

हसणं थांबलं.

"तू पडलीस ते मला शेजाऱ्यांनी सांगितलं. तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"आलो असतो."

"आणि?"

"नेलं असतं."

"म्हणून," आक्का म्हणाल्या. त्यांचा हात गुडघ्यावर फिरत होता.

"तुला तिथं काय कमी पडणार आहे?"

आक्का अडकल्या होत्या. नियमाप्रमाणं पुढचा शब्द 'व्हय' होता, आणि तो त्या म्हणतील हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. मी पुढं सुचेल ते बोलायला हवं होतं, पण मला पुढचं ठाऊक नव्हतं. फोन तेवढाच झाला होता.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. मुलगा उठला. त्यानं वाकून बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, आणि खुर्च्यांमधून पुढं आला. लोकांना वाटलं हाही आमच्यातलाच. काठावर येऊन तो क्षणभर थांबला. मग चौकटीपाशी आला आणि खाली वाकला. मान तिरकी करून, डावा हात वर धरून, अंगात मुरलेल्या सवयीनं. ते दार आक्कांनी त्या संध्याकाळी बनवलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ते गडहिंग्लजकडच्या त्यांच्या घराचं होतं.

त्यानं आईच्या खांद्याला हात लावला.

आक्का वर बघत राहिल्या. मग फरशीला हात टेकून उठल्या. गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली आणि काठावर जाऊन उभ्या राहिल्या, भिंतीला न टेकता.

तो त्यांच्या जागी बसला. एक पाय लांब केला. गुडघ्यावर हात ठेवला. कुणी हसलं नाही.

मी म्हणालो, "आई, चल."

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. हलका, हाडकुळा. मी उठलो, वाकून बाहेर आलो आणि बटणांपाशी उभा राहिलो. आत आता ती दोघंच. मुलगा आई होऊन बसलेला, आई मुलगा होऊन उभी.

आक्कांनी पाठ ताठ केली. मूठ वळली, किल्ली धरल्यासारखी. आणि अगदी त्याच्यासारखं, त्या नीट, पुण्याच्या बोलीत म्हणाल्या, "आई, आता घरी चल."

मुलानं चुलीकडं बघितलं, मांडणीकडं बघितलं. शिट्टी उचलून दातांत धरली. माझ्या शेजारी कागलकर कुजबुजला, "वाजवतोय बग आता." मी त्याला कोपर मारलं.

मुलानं शिट्टी सोडली.

"न्हाय," तो म्हणाला.

फोनवर साहेब-साहेब करणारा आवाज हा नव्हता.

"न्हाय रं बाळा. तिथं मी तुझी आई. हितं मी आक्का हाय. तिथं मला आक्का म्हणून कोण हाक मारणार?"

आक्का मुलाच्या जागी उभ्या होत्या. काय बोलायचं ते त्यांच्यावर होतं. "बरं," एवढंच म्हणाल्या. वळल्या, दाराशी वाकल्या आणि बाहेर पडल्या. मी बटण दाबलं.

टाळ्या पुष्कळ झाल्या. माझी बायको रडत होती आणि शेजारणीला सांगत होती की हे सगळं आयत्या वेळेचं असतं, बसवलेलं काही नसतं.

खाली गाडीपाशी आम्ही उरलो तेव्हा मुलगा अजून अनवाणीच होता, बूट हातात. तो मला म्हणाला, "साहेब, मी तिथं हो म्हणायलाच बसलो होतो. खाली बसलो आणि तिच्या जागेवरनं बघितलं..."

आक्का काठी टेकत आल्या. "खजिनदार, तू नवं काही केलं न्हाईस. ऐकलेलं होतं तसं परत दिलंस. बरं केलंस." मग मुलाकडं वळल्या. "न्हाय म्हणालास. आता 'आणि' म्हण."

"आई, इथं रस्त्यात कुठं..."

"आणि म्हण."

त्यानं बूट गाडीच्या टपावर ठेवले. "आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा."

"व्हय. आणि?"

"आणि आतनं कडी लावायची नाही."

"व्हय. आणि?"

"आणि सकाळी फोन तू करायचास. मी नुसता बघत बसणार नाही."

"व्हय. आणि?"

तो डोकं खाजवायला लागला, मग त्यानं डिकी उघडली. "ही पेटी कोण उचलणार?" कागलकर मागून म्हणाला. "माझी पाठ धरलीय. मगाशी दारात डोस्कं बी फुटलंय माझं."

पेटीच्या एका बाजूची कडी मुलानं धरली, दुसरी मी. पेटी वजनदार होती. मागच्या गल्लीत गाडी जात नाही, म्हणून चालतच निघालो, पुढं आम्ही दोघं, मागून आक्का, काठी आपटत. त्यांच्या खोलीशी पोचलो तशा त्या मागून म्हणाल्या, "डोस्कं सांभाळा."

आक्कांच्या त्या खोलीचं दार चांगलं उंच होतं, माझ्या डोक्यावर हातभर तरी. आम्ही दोघंही वाकून आत गेलो.